जावळाचा डोह

१

निवृत्ती पडवळचा दिवस कात्रीनं सुरू व्हायचा. क्षयाच्या दवाखान्यातून रद्दीत मिळालेले छातीचे जुने एक्स-रे त्याच्या टेबलाखाली गठ्ठ्यानं पडलेले असत. त्यातला एक घ्यायचा, दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या कापायच्या आणि एकेका पट्टीवर एकेका टाकीतल्या पाण्याचा थेंब सोडायचा. एक्स-रेच्या फिल्मवर जिलेटिनचा काळा थर असतो. टाकीत एन्झाइम नीट तयार झालं असेल, तर दहा मिनिटांत तो थर थेंबाखाली विरघळतो आणि नळाखाली धरलं की तिथं स्वच्छ गोल खिडकी पडते. खिडकी जेवढी मोठी, तेवढा माल जोरदार. कुणाची बरगडी, कुणाचा खांदा असा थेंबाथेंबानं पुसला जायचा. सुरुवातीला निवृत्तीला कसंतरी व्हायचं. पुढं तो त्याच बरगड्यांशेजारी चहाचा कप ठेवू लागला.

सध्या मात्र खिडक्या धड पडतच नव्हत्या. मळवली स्टेशनापासून मैलभरावरचा एक जुना बंगला मुंबईच्या शेठनं भाड्यानं घेऊन तिथं हा कारखाना थाटला होता. दिवाणखान्यात प्रयोगशाळा, मोटारीच्या शेडमध्ये तीन टाक्या, न्हाणीघरात बॉयलर. कातडं कमावताना केस काढायला चुना आणि डोकं उठवणारी रसायनं लागतात. त्याऐवजी पाण्यातल्या जिवाणूंकडून एन्झाइम करून घ्यायचं आणि त्यानं केस सोडवायचे, ही शेठची कल्पना. कल्पना झकास होती. अडचण एवढीच, की जिवाणूंना ती पटत नव्हती. निवृत्तीनं त्यांना शेंगदाण्याची पेंड घातली, भाताचा कोंडा घातला, मळी घातली, हवा कमीजास्त करून पाहिली. जावयासारखी बडदास्त ठेवली, पण आकडा दोनशे युनिटच्या वर सरकेना. आणि १९७० च्या जानेवारीत शेठचं पत्र आलं, की मे अखेर सहाशे दाखवा, नाहीतर बंगला सोडू.

निवृत्ती वडिवळ्याचा. भातशेती करणाऱ्या घरातला पहिला बी.एस्सी. हे पत्र बापाला कसं सांगावं, या विचारात तो बशीतल्या शेळीच्या कातड्याकडे बघत बसला होता. तीन दिवस भिजवूनही त्याच्यावरचा एक केस सुटला नव्हता.

"ह्ये केस निगना व्हय भाऊ?" फरशी पुसता पुसता चिमाबाईनं विचारलं.

चिमाबाई टाक्या धुवायची आणि बंगल्याची राखणही करायची. तिची वाडी तिकोन्याच्या बाजूला डोंगरात. तिथं धरणाचं पाणी चढणार, म्हणून लोक उठत होते. नवरा सावळा मागंच गेलेला. मागच्या खोलीत ती आणि सतरा वर्षांची लेक चिंगी, अशा दोघी राहत. वाडीच्या बदल्यात कामशेतच्या अलीकडे दीड एकर मिळणार होता, आणि त्या दीड एकरावर घर बांधून मगच चिंगीचं लग्न करायचं, हे तिनं पक्कं केलं होतं. "घर असलं म्हंजी पोरीला माघारी यायला जागा ऱ्हाती," असं ती म्हणे.

"निघत नाहीत, मावशी."

"आमच्या डोहात टाका की. चिंगीचं जावळ टाकलं तवा सकाळला एक केस ऱ्हायला नव्हता. पान तसंच्या तसं, केस न्हाई."

निवृत्तीनं कप खाली ठेवला.

२

दोघं भर दुपारी डोहावर पोचले. ओढा एका कातळात वाटोळा खोलगट होऊन थांबला होता. वर जांभळीची दाट सावली, पण पाण्यावर एक पान नव्हतं. वाडीतल्या पोरांचं पहिलं जावळ पळसाच्या पानावर ठेवून इथं सोडायचं, अशी रीत. चिमाबाईच्या सासऱ्याचं, नवऱ्याचं, लेकीचं, सगळ्यांचं जावळ इथंच गेलेलं.

"चिंगीचं तांबूस व्हतं," ती दूर उभी राहून म्हणाली. "मक्याच्या कणसाला अस्तंय न्हवं, तसं. आता बगा कसं काळंभोर हाय. भाऊ, हात बुडवू नगा पान्यात."

"का?"

"आमी बुडवत न्हाई. का, ते मला न्हाई ठावं."

बाटली काही आपणहून भरणार नव्हती. निवृत्ती कातळावर पालथा झाला आणि मनगटापर्यंत हात घातला. सावलीतलं पाणी गार लागायला हवं होतं. ते कोमट होतं, माणसाच्या अंगाइतकं. आणि बाटली भरत असताना त्याच्या अंगठ्याला कशाची तरी पकड बसली. दुखेल अशी नव्हे. तान्हं पोर बोट धरतं ना, तेवढीच. त्यानं हात झटकन काढला. पाण्यात काही नव्हतं. खालून झरा असेल, त्याची ओढ लागली असेल, असं त्यानं ठरवलं, आणि सायन्स शिकलेल्या माणसाला असं ठरवणं सोपंही जातं.

"पुढच्या पावसाळ्यात हे सगळं पाण्याखाली जाणार," बाटलीला बूच लावत तो म्हणाला.

"व्हय की. डोह बी उठला म्हनायचा आमच्यासंगं." चिमाबाई हसली. "आमाला जिमीन दिली कागदावर. ह्येला कोन देनार?"

निवृत्तीही हसला. मग दोघं उतरले.

३

डोहाच्या पाण्यातला जिवाणू तिसऱ्या टाकीत सोडला आणि आठवड्यात शेळीच्या कातड्यावरचे केस हातानं ओढल्यावर निघायला लागले. आकडा मात्र अडीचशेवर अडला. मग एक साधीशी गोष्ट घडली. टाकी घासायचा बांबूचा ब्रश मोडला आणि चिमाबाईनं आत उतरून टाकी हातांनी घासली. शेठनं पाठवलेले रबरी हातमोजे पुरुषी मापाचे होते. बायकांनी घातले की पाण्यानं भरून लोंबायचे, म्हणून ते खुंटीवरच असत. त्या खेपेचा आकडा आला चारशे दहा.

नवा ब्रश आणला, आकडा एकशे नव्वदवर आला. पुन्हा हातांनी घासायला लावलं. पाचशे साठ!

निवृत्तीनं वहीत कारण लिहिलं. हातांची मेलेली कातडी टाकीच्या भिंतीला लागते, पुढच्या खेपेच्या जिवाणूला कातडीची चटक लागते आणि ती पचवायला तो एन्झाइम जास्त सोडतो. विरजणाला भांड्याचा गुण लागतो, तसंच. तर्कात कुठं फट नव्हती. त्यानं ब्रश माळ्यावर टाकला आणि चिमाबाईच्या जोडीला सरुबाई, कस्तुराबाई आणि अंबूबाई अशा आणखी तिघी टाकीत उतरवल्या. घासून झाल्यावर त्यांचे हात गुलाबी आणि गुळगुळीत व्हायचे. "साबनाची वडीच झालीय हाताची," असं म्हणून सरुबाई खिदळायची.

एप्रिलच्या एका सकाळी फिल्मवर भली मोठी खिडकी पडली. निवृत्तीनं ती खुशीनं उजेडाकडे धरली आणि बघतच राहिला. खिडकी पूर्ण स्वच्छ नव्हती. आत काळ्या बारीक रेषा शिल्लक होत्या, एकात एक फिरत मध्याकडे गेलेल्या. अंगठ्याचा ठसा.

आपलाच हात लागला असणार. त्यानं दुसरी पट्टी चिमट्यानं धरली, थेंब सोडला, हात मागं बांधून दहा मिनिटं उभा राहिला आणि चिमट्यानंच ती धुतली. खिडकीत तोच ठसा होता. तिसऱ्या पट्टीवरही. त्याच जागी, तितकाच, तसाच. पहिल्या आणि दुसऱ्या टाकीच्या खिडक्या अगदी कोऱ्या होत्या.

रद्दीतल्या फिल्मा, कुणी कुणी हाताळलेल्या, त्याच्या खुणा उमटत असतील, असं त्यानं मनाशी म्हटलं. त्या दिवशी आकडा सहाशे तीस होता. एवढ्या आनंदात कोण ठशांच्या मागं लागतो? पट्ट्या त्यानं कचऱ्यात टाकल्या. हात मात्र का कोण जाणे, लुंगीला तीनतीनदा पुसले.

४

मे महिन्याच्या दोन तारखेला चिमाबाई कामावर आली ती हजेरीची वही छातीशी धरूनच.

"भाऊ, ह्ये बगा."

बायका रोज हजेरीला डावा अंगठा उठवत. चिमाबाईचा ठसा निवृत्तीच्या ओळखीचा होता. भात कापताना विळा लागलेला, त्याची तिरपी पांढरी रेघ ठशातून आरपार गेलेली असायची. आज तिच्या नावापुढं नुसता निळा डाग होता. ना रेषा, ना विळ्याची खूण. त्यानं मागची पानं उलटली. पंधरा दिवस तिचा अंगठा रोज थोडाथोडा पुसत गेला होता.

"बावीस तारखेला कचेरीत बलावलंय जमिनीसाटी," ती म्हणाली. "मोजनीच्या टायमाला अंगठा घेतलेला. त्यो ह्यो जुळला तरच कागूद द्यायाचा म्हनत्यात. मला वळखनारं कोन हाय तितं? मानूस न्हाई बघत त्ये, अंगठा बघत्यात."

"अहो मावशी, घाबरता काय! वरची कातडी जाते, रेषा आतल्या थरात असतात. हात कोरडे ठेवले की वीस दिवसांत होत्या तशा परत येतात." यात काही खोटं नव्हतं. पुस्तकात तसंच होतं.

"नक्की?"

"अगदी नक्की."

खोटं पुढंच होतं, तिचे हात कोरडे ठेवणं त्याला परवडणार नव्हतं. दहा तारखेला शेठ कातड्याच्या व्यापाऱ्याला घेऊन येणार होता, आणि चिमाबाईसारखी टाकी कुणाला घासता येत नव्हती. तिनं घासलेल्या खेपेचा आकडा दुसऱ्या कुणाला आजवर गाठता आला नव्हता. "आणखी एकच पाळी, मावशी," असं निवृत्ती त्यानंतर तीन वेळा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणताना त्याला स्वतःचीच लाज वाटली, पण म्हणाला खरा. तिनंही एकदासुद्धा नाही म्हटलं नाही. पोटाशी पोर होती आणि डोक्यावर छप्पर बंगल्याचं होतं. ती कुठल्या तोंडानं नाही म्हणणार?

व्यापारी येऊन गेला. आकडा सातशे पाच. शेठनं निवृत्तीच्या पाठीवर थाप मारली. त्याच संध्याकाळी निवृत्तीनं चिमाबाईला टाकीवरून काढून बागेच्या कामाला लावलं आणि तिच्या हाताला खोबरेल दिलं.

५

वीस तारखेला सकाळी चिमाबाई हसत आली. "आलं भाऊ, आलं! रेषा आल्या!" तिच्यामागं चिंगी होती, तीही हसत होती. निवृत्तीचा जीव भांड्यात पडला. त्यानं स्वतः तिचा अंगठा शाईच्या पॅडवर दाबला आणि हजेरीच्या वहीत उठवला. ठळक, सुरेख ठसा उमटला. मायलेकी गेल्या.

मग त्याचं लक्ष विळ्याच्या रेघेकडे गेलं. ती नव्हती.

जखमेचा वण इतका खोल, की रेषा परत आल्या तर तोही परत यायला हवा. त्यानं जिवाणूंचे ठिपके मोजायचं भिंग काढलं. मार्चच्या पानावर चिमाबाईच्या अंगठ्याला शंख होता, आजच्या पानावर चक्र. खाली सरुबाईचा ठसा होता. चक्र. कस्तुराबाई, चक्र. अंबूबाई, चक्र. त्यानं रेषा मोजल्या. मधल्या ठिपक्यापासून सात फेरे, आठवा उजवीकडे तुटलेला. चारही ठशांत सात फेरे आणि आठवा उजवीकडे तुटलेला.

हे चक्र त्यानं याआधी पाहिलं होतं. एक्स-रेच्या खिडकीत.

चार बायकांचा एक अंगठा! जगात असं होत नाही. मग त्याच्या मनात आलं ते त्याला बघायचं नव्हतं, पण हात आपोआप पॅडकडे गेला. लहानपणी शाळेत पोरं एकमेकांची बोटं धरून शंख-चक्रं मोजायची. निवृत्तीच्या दहाही बोटांवर एक चक्र निघालं नव्हतं आणि त्यावरून पोरांनी त्याला वर्षभर चिडवलं होतं.

कागदावर चक्र उमटलं. त्यानं फेरे मोजले नाहीत.

"गोविंदा!" तो ओरडला. बॉयलरवरचा गोविंदा धावत आला. "तीन नंबर रिकामी कर. आत्ताच्या आत्ता. सगळी."

"साहेब, माल तयार हाय त्यात. शेट काय म्हनतील?"

"रिकामी कर म्हणतो ना!"

टाकीचं तोंड बंगल्यामागच्या नाल्यात उघडलं. दुधट पाणी तासभर पळत राहिलं. तळाशी गेल्यावर ते थांबलं, जाळीत काहीतरी अडकलं होतं. गोविंदानं लोखंडी आकड्यानं ते ओढून वर काढलं आणि फरशीवर टाकलं. मूठभर केस. बारीक, रेशमासारखे, तांबूस.

"शेळीचं असत्याल," गोविंदा म्हणाला.

कातडी कधी टाकीत टाकतच नसत, ती बशीत भिजवत. हे गोविंदालाही माहीत होतं, निवृत्तीलाही. "असतील," निवृत्ती म्हणाला. गोविंदानं ते केस पायानं नाल्यात ढकलले.

६

बावीस तारखेला निवृत्ती मायलेकींबरोबर कचेरीत गेला. ठसा जुळणार नाही हे त्याला माहीत होतं. आपणच साहेबापुढं उभं राहायचं, कारखान्यात हात खराब झाले असं लिहून द्यायचं, हजेरीची जुनी पानं दाखवायची, असं त्यानं ठरवलं होतं. वही पिशवीत होती. निदान एवढं तरी आपल्या हातून नीट होऊ दे, असं त्याला मनापासून वाटत होतं.

उन्हाचा नुसता वणवा होता. व्हरांड्यात लोक धोतराच्या सोग्यानं वारा घेत होते. दोनच्या सुमारास नवऱ्याच्या नावासकट पुकारा झाला, "चिमाबाई कोम सावळा!"

कारकून अंबाजी म्हणून कुणी होता. डोळ्यांवर जाड चष्मा, हाताशी भिंग, पुढं दोरीनं बांधलेल्या कागदांचं बाड. त्यानं चिमाबाईचा अंगठा घेतला, बाडातला सहा वर्षांपूर्वीचा कागद काढला आणि एकदा इकडं, एकदा तिकडं भिंग फिरवलं. निवृत्तीनं बोलायला तोंड उघडलं.

"जुळतोय," अंबाजी म्हणाला.

चिमाबाईनं डोळे मिटून हात जोडले. चिंगीनं आईचा दंड घट्ट धरला.

निवृत्ती वाकून बघत होता. सहा वर्षांपूर्वीच्या पिवळ्या कागदावर चक्र होतं. विळ्याची रेघ नव्हती. सहा वर्षांपूर्वी टाकी नव्हती, कारखाना नव्हता, तो स्वतः कॉलेजात होता. आणि त्या जुन्या ठशाभोवती कागद ओला होता. भर मे महिन्यात, कपाटातल्या बाडात, अंगठ्याएवढाच ओला.

अंबाजी मात्र कपाळाला आठ्या घालून वहीत बघत होता. "अगं बाई, पण तुला कागद दिलाय की सकाळीच. परत कशाला आलीस?"

"मला? मी तर आत्ताच येतीया."

"अंगठा तुझाच आहे. हा बघ." त्यानं वही फिरवली. चिमाबाईच्या नावापुढं चक्र उमटलेलं होतं, शाई पाण्यानं पसरलेली. "कचेरी उघडली तेव्हा पहिला नंबर हिचाच. जुळला म्हणून मी ताबा-पावती दिली. आता त्याच अंगठ्याला दुसऱ्यांदा जमीन देऊ होय?"

"पण माणूस वेगळं होतं!" निवृत्ती म्हणाला. "तुम्ही नाव नाही विचारलं?"

"नाव मी वाचलं. तिनं मान हलवली."

"दिसायला कशी होती?"

अंबाजीनं चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. "चेहरा... कोण एवढं बघतं हो, दिवसाला दोनशे लोक येतात. भिजलेली होती, एवढं आठवतं. मला वाटलं नळावर अंग धुऊन आली. आणि केस. बाई चांगली मोठी, पण केस तान्ह्या मुलाचे असतात ना, भुरुभुरु, तसे. टायफॉइडमधून उठली असेल बिचारी, असं मनात आलं माझ्या."

मग चिमाबाई अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "तांबूस व्हते का?"

"हो," अंबाजी म्हणाला. "तांबूसच."

७

जमिनीवर कोण आलंय ते बघायला तिघं कामशेतच्या एस.टी.त बसले. निवृत्ती मनाला समजावत होता. वाडीतल्याच कुणीतरी कट केला असेल. तापातून उठलेली एखादी बाई पुढं केली असेल. ठसा कसा जुळला? त्यापुढं त्याचा तर्क जात नव्हता, तिथंच घाण्याच्या बैलासारखा फिरत होता. चिमाबाई खिडकीबाहेर बघत होती. तिचा चेहरा त्याला वाचता येईना. जमीन गेल्याचं दुःख त्यावर असायला हवं होतं. ते नव्हतं.

दीड एकराचा तुकडा रस्त्याला लागूनच होता. नांगरट नाही, झाड नाही, सगळीकडं वाळलेलं गवत. हद्दीचे चार दगड नव्यानं रोवलेले. पहिल्या दगडाशी निवृत्ती थांबला. उन्हानं तापलेल्या त्या दगडावर अंगठ्याएवढा ओला ठिपका होता. तो वाळत नव्हता.

"आयो," चिंगी म्हणाली, "त्ये कोन बसलंय?"

तुकड्याच्या मधोमध कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. मोठ्या माणसाचे खांदे, अंगाला चिकटलेलं ओलं कापड. आजूबाजूच्या गवताची एक काडी हलत नव्हती, पण डोक्यावरचे ते विरळ तांबूस केस पाण्यात हलावेत तसे हलत होते, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या.

निवृत्ती दगडाच्या अलीकडेच थांबला. चिमाबाई मात्र दगड ओलांडून आत गेली. भांडायला गेली असं त्याला वाटलं. "मावशी, थांबा! मावशी!" तिनं ऐकलं नाही. ती जवळ पोचली, वाकली, त्या केसांकडे बघत राहिली. मग तिनं पदर सोडला आणि ते डोकं पुसायला लागली.

"किती भिजलीस गं चिंगे," तिचा आवाज रस्त्यापर्यंत स्वच्छ येत होता. "किती येळ बसलीस एकटीच."

निवृत्तीच्या शेजारी चिंगी उभी होती. जाड काळी वेणी, हातात आईच्या चपला धरलेल्या. तिनं हाक मारली, "आयो!" मग पुन्हा, मोठ्यानं, रडवेल्या आवाजात, "आये, अगं मी हितं हाय!"

चिमाबाईनं मान वळवली. पुसणारा हात थांबला नाही. तिनं लेकीकडे नीट पाहिलं, पायांपासून डोक्यापर्यंत. परक्या गावातली वाट चुकलेली पोर दारात यावी, तसं. तिच्या नजरेत राग नव्हता, भीती नव्हती. थोडी दया होती.

"भाऊ," तिनं विचारलं, "ही कुनाची वो पोर?"

चिंगीनं निवृत्तीचा हात घट्ट पकडला. "सांगा की तुमी! तुमाला ठावं हाय न्हवं मी कोन हाय ती? सांगा की तिला!"

डोहातली पहिली बाटली त्यानं भरली होती. ब्रश माळ्यावर त्यानं टाकला होता. आणखी एकच पाळी, असं तीनदा त्यानंच म्हटलं होतं. एक नाव सांगायचं होतं, दोन अक्षरांचं. त्यानं तोंड उघडलं, आणि पदराखालचं ते डोकं, त्याच्या आवाजाची वाट बघत असल्यासारखं, हळूहळू त्याच्याकडे वळायला लागलं.

निवृत्तीनं तोंड मिटून घेतलं.